एका सत्तावीस अक्षरी शब्दाची साक्ष

शब्दाचा अर्थ त्याच्या इतिहासातून निश्चित करावा की त्याच्या अक्षरांच्या मांडणीतून, हा प्रश्न वरकरणी बालिश वाटण्याचा संभव आहे. तथापि इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात एका दीर्घ शब्दाच्या निमित्ताने हाच प्रश्न गंभीरपणे उपस्थित झाला आणि त्याच्या उत्तरावर शेक्सपिअरच्या नाटकांचे कर्तृत्व पणाला लागले. तो शब्द म्हणजे ‘होनोरिफिकाबिलितुदिनितातिबुस’ होय. रोमन लिपीत तो सत्तावीस अक्षरांनी लिहिला जातो. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकाच्या पाचव्या अंकातील पहिल्या प्रवेशात तो एकदाच येतो. १५९८ च्या क्वार्टो आवृत्तीत तो आहे, आणि १६२३ च्या फोलिओतही आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. मूळ लॅटिन नाम ‘होनोर’ म्हणजे मान. त्यास ‘करणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला अंश जोडून ‘होनोरिफिकुस’, म्हणजे मान देणारा, हे विशेषण सिद्ध होते. त्यापुढे योग्यतावाचक प्रत्यय लागून ‘होनोरिफिकाबिलिस’, त्यास ‘तुदो’ हा भाववाचक प्रत्यय लागून ‘होनोरिफिकाबिलितुदो’, आणि त्यावर पुन्हा ‘तास’ हा दुसरा भाववाचक प्रत्यय चढवून ‘होनोरिफिकाबिलितुदिनितास’ असे नाम तयार होते. ‘सन्मानास पात्र असण्याची अवस्था’ एवढाच त्याचा अर्थ. शेवटचा ‘इबुस’ हा अनेकवचनी विभक्तिप्रत्यय होय. दोन भाववाचक प्रत्यय एकावर एक चढविण्याने अर्थात काहीही भर पडत नाही. मराठीत ‘सुजन’पासून ‘सौजन्य’ सिद्ध झाल्यावर ‘सौजन्यता’ म्हणण्याची, किंवा ‘ऐक्य’ असता ‘ऐक्यता’ लिहिण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिचाच हा लॅटिन नमुना आहे. भेद इतकाच की मराठीत हे अनवधानाने घडते, तर मध्ययुगीन पंडितांनी ते बुद्ध्या केले. त्यांना अर्थ वाढवावयाचा नव्हता. लांबी वाढवावयाची होती.

हा शब्द शेक्सपिअरने घडविलेला नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. इ. स. १२०० च्या सुमारास पिसाच्या उगुच्चोने रचलेल्या व्युत्पत्तिकोशात तो आढळतो. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी दांतेने देशभाषेतील काव्यरचनेवर जो लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यात काव्यास कोणते शब्द शोभतात याची चर्चा करताना या शब्दाचा उल्लेख केला आहे. इतालियन रूपात या शब्दाचे बारा अवयव होतात आणि लॅटिनच्या दोन विभक्तिरूपांत तेरा. इतालियन काव्याची प्रमुख ओळ मात्र अकरा अवयवांची. म्हणून हा शब्द ओळीत मावणारच नाही, असा दांतेचा निर्णय आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या मध्यास ‘कंप्लेंट ऑफ स्कॉटलंड’ या ग्रंथात आणि १५९९ मध्ये टॉमस नॅशच्या लेखनातही तो येतो. सारांश, लॅटिन शिकलेल्या युरोपीय विद्यार्थ्यांत हा शब्द चार शतके ‘सर्वांत लांब शब्द’ म्हणून फिरत होता. १७६५ च्या आपल्या शेक्सपिअर-आवृत्तीत सॅम्युएल जॉन्सननेही त्याची नोंद याच नात्याने केली आहे.

नाटकातील त्याचे स्थान या इतिहासाशी सर्वस्वी सुसंगत आहे. सोळाव्या शतकात इंग्रजीत लॅटिन शब्दांची बेसुमार आयात चालू होती आणि तिच्याविरुद्ध प्रतिक्रियाही उमटली होती. १५५३ मध्ये टॉमस विल्सनने आपल्या अलंकारशास्त्रात अशा ‘शाईच्या दौतीतून निघालेल्या’ शब्दांची टर उडविली. १५५७ मध्ये सर जॉन चीक याने शुद्ध, अमिश्र इंग्रजीचा पुरस्कार केला. शेक्सपिअरच्या प्रवेशात होलोफर्निस हा पंतोजी आणि त्याचे सोबती लॅटिनची प्रदर्शने मांडीत असताना कॉस्टर्ड हा अडाणी विदूषक हा शब्द उच्चारतो. मॉथ या चिमुरड्या पोराला तो म्हणतो की, तू या शब्दाएवढाही लांब नाहीस, तुझ्या धन्याने तुला शब्द समजून अद्याप गिळले कसे नाही? विद्वत्तेचे सोंग ज्या शब्दाने सजते, तोच गावंढळाच्या मुखी घालावा, हे विनोदाचे मर्म आहे. प्रेक्षकांपैकी जे शाळेत गेले होते त्यांना तो शब्द आधीपासून परिचित असल्याशिवाय हा विनोद साधला नसता.

एवढ्यावर प्रकरण संपावयास हवे होते. परंतु एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ मध्ये डेलिया बेकनचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर, शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिली असे मानणारा पक्ष बळावला. १८६७ मध्ये लंडनच्या नॉर्थंबरलंड हाउसमध्ये एक जुने हस्तलिखित सापडले. त्याच्या मुखपृष्ठावर गिरबटलेल्या मजकुरात बेकन व शेक्सपिअर या दोघांची नावे आणि आपल्या शब्दाचे एक आखूड रूपही होते. त्यामुळे या पक्षाचे लक्ष शब्दाकडे वेधले. १९१० मध्ये सर एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी जाहीर केले की, शब्दाच्या सत्तावीस अक्षरांची फेरमांडणी केली असता ‘हि लुदि एफ. बाकोनिस नाति तुइति ओर्बि’ असे लॅटिन वाक्य मिळते. ‘एफ. बेकनची अपत्ये असलेली ही नाटके जगासाठी जतन केली आहेत’ असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. अक्षरे मोजून पाहिली तर एकही उणे किंवा अधिक नाही, हे मान्य केले पाहिजे.

मग आक्षेप कोठे आहे? पहिला आक्षेप अक्षरांच्या स्वरूपातून निघतो. या शब्दात स्वर आणि व्यंजन एकाआड एक येतात. सत्तावीसपैकी तेरा स्वर आणि चौदा व्यंजने आहेत, आणि तेरा स्वरांपैकी सात एकट्या ‘आय’ने व्यापले आहेत. लॅटिनमध्ये अनेकवचनी प्रथमा, षष्ठी, चतुर्थी अशा विविध रूपांचा शेवट ‘आय’ने होतो. अशी सामग्री हाती असता लॅटिन पदे जुळविणे अवघड नाही. या अक्षरांच्या एकूण भिन्न मांडण्या एकावर बावीस शून्ये मांडावीत त्याहून अधिक होतात. त्यातून एखादे वाक्य निघाले तर नवल नाही. न निघते तर नवल.

दुसरा आक्षेप अधिक निर्णायक आहे. याच पक्षाचे अमेरिकेतील अभ्यासक आयझॅक हल प्लॅट यांनी याच अक्षरांतून ‘हि लुदि तुइति सिबि फ्र. बाकोनो नाति’ असे वेगळे वाक्य काढले होते. एकाच कुलपातून दोन किल्ल्या निघाव्यात, तसा हा प्रकार आहे. त्यातही एका वाक्यात बेकनचे नाव लॅटिनच्या तृतीय वर्गाप्रमाणे चालविले आहे, तर दुसऱ्यात द्वितीय वर्गाप्रमाणे. ज्या ग्रंथकाराने जन्मभर लॅटिन लिहिली, त्याच्या नावाचे रूप कोणते हेसुद्धा या गुप्त साक्षीला ठरविता येत नाही. तेवढ्यानेही भागत नाही. त्याच अक्षरांतून ‘उबि इतालिकुस इबि दांति होनोर फित’, म्हणजे ‘जेथे इतालियन आहे तेथे दांतेला मान मिळतो’, असेही निर्दोष वाक्य तयार होते. दांतेने तर हा शब्द खरोखरच वापरला आहे. तेव्हा या पद्धतीने शेक्सपिअरची नाटके दांतेच्या पदरात टाकण्यास अधिक आधार आहे, असे म्हणावे लागेल.

या वादावर शास्त्रीय निर्णय दिला तो विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन या दांपत्याने. १९४० मध्ये जपानची ‘पर्पल’ संकेतलिपी उलगडणाऱ्या अमेरिकन गटाचे नेतृत्व विल्यम यांनी केले होते. विशेष हे की, दोघांचाही या विद्येत प्रवेश झाला तो इलिनॉयमधील रिव्हरबँक येथे, बेकनच्या कथित संकेतलिपीचा शोध चालू असताना. १९५७ मध्ये केंब्रिज येथून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी दोन कसोट्या पुढे ठेवल्या. उकल भाषेच्या दृष्टीने सार्थ असली पाहिजे आणि ती एकमेव असली पाहिजे. ज्या पद्धतीत उकलणाऱ्याला मनाजोगी निवड करण्यास मोकळीक राहते, तिच्यातून निघणारा संदेश लेखकाचा नसून उकलणाऱ्याचा असतो.

दीर्घ शब्दांची हौस यानंतरही ओसरली नाही. कशासही कवडीमोल ठरविण्याच्या वृत्तीचा वाचक असा ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा एकोणतीस अक्षरी शब्द अठराव्या शतकात शालेय लॅटिन व्याकरणातील ‘क्षुद्र’ अर्थाची चार पदे सांधून बनविला गेला. १७४१ मध्ये कवी विल्यम शेन्स्टनच्या पत्रात तो आढळतो. १९३५ मध्ये अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या संघाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी फुप्फुसविकाराचे पंचेचाळीस अक्षरी नाव रचले, ते केवळ विक्रमासाठी. हे शब्द वापरण्यासाठी नव्हे, तर दाखविण्यासाठी जन्मास आले, आणि त्या अर्थाने आपल्या लॅटिन शब्दाचे ते सगोत्र होत. त्यांचा अर्थ कोशात असतो. त्यांचे प्रयोजन मात्र ज्या समाजाने त्यांचे कौतुक केले त्याच्या शिक्षणपद्धतीत शोधावे लागते.

या प्रकरणाचा बोध शेक्सपिअरपुरता मर्यादित नाही. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती जुळविणारे, स्थलनामांतील अक्षरे उलटसुलट करून प्राचीनत्व सिद्ध करणारे लेखन प्रत्येक भाषेत होते, मराठीतही होते. त्याची परीक्षा याच दोन प्रश्नांनी करावी: या पद्धतीने याहून वेगळे उत्तरही निघू शकते काय, आणि शब्दाच्या ज्ञात प्रयोगांचा क्रम त्या उत्तरास दुजोरा देतो काय? कॉस्टर्डच्या तोंडचा शब्द या परीक्षेस उतरतो तो एका पंतोजी-परंपरेचा अवशेष म्हणून, गुप्त लेख म्हणून नव्हे. अक्षरे कोणाच्याही बाजूने साक्ष देतात. शब्दाचा इतिहास मात्र उलटतपासणीत टिकतो.