आमिष आणि प्रतिष्ठा : स्मॉलमाऊथ बासची कहाणी

'आमिष' हा शब्द आज नदीकाठापेक्षा निवडणुकीच्या बातम्यांत आणि फसवणुकीच्या फिर्यादींत अधिक भेटतो. संस्कृतात त्याचा अर्थ मांस. गळाला लावलेले मांस ते आमिष, आणि तिथून तो शब्द हरतऱ्हेच्या प्रलोभनाला चिकटला. या अर्थविस्तारामागे एक गृहीतक आहे : ज्याला भुलवायचे त्याला भूक असते आणि आमिष त्या भुकेशी बोलते. उत्तर अमेरिकेतल्या स्मॉलमाऊथ बास या गोड्या पाण्यातल्या माशाला पकडण्याच्या साधनांचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचू लागलो की हे गृहीतक डळमळते. छंदिष्टांचा इतिहास म्हणून तो आपल्या अभ्यासाच्या परिघाबाहेरच राहतो. पण नामकरण, अनुकृती आणि प्रतिष्ठा हे आपले नेहमीचे प्रश्न त्यात अगदी उघड्यावर पडलेले दिसतात.

नावापासूनच सुरुवात करावी लागेल. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०२ मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याच्यासमोरच्या नमुन्याचा पाठीवरचा पर मोडलेला होता. मागच्या काही काड्या मूळ परापासून सुटून वेगळ्या दिसत होत्या. लासेपेदला वाटले, हा एक स्वतंत्र, इवलासा पर आहे. म्हणून त्याने प्रजातीला नाव दिले 'मायक्रोप्टेरस', म्हणजे लघुपक्ष. पुढचे जातिनाम त्याने दोलोमिय या भूवैज्ञानिकाच्या सन्मानार्थ योजले. डोलोमाइट हा खडक ज्याच्या नावाने ओळखला जातो तोच हा दोलोमिय. मेसिनाच्या तुरुंगात दीर्घ एकांतवास भोगून तो सुटला आणि १८०१ मध्ये वारला. म्हणजे या माशाच्या नावात एक पाठदोष आहे आणि एक स्मृतिलेख आहे. प्राणिनामांच्या नियमांत आधीच्या नावाला अग्रहक्क असल्याने दोष ध्यानात आल्यावरही नाव तसेच राहिले. हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

लोकव्यवहारातला गोंधळ याहून मोठा होता. अमेरिकेच्या दक्षिण भागात या माशाच्या मोठ्या जबड्याच्या भाऊबंदाला, म्हणजे लार्जमाऊथ बासला, लोक सरळ 'ट्राऊट' म्हणत. नव्या खंडातल्या जिवांसाठी वसाहतकारांपाशी जुन्या देशातलेच शब्द होते. त्या शब्दांबरोबर जुनी उतरंडही आली. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाच्या छायेत वाढलेल्या इंग्रजी परंपरेत सामन आणि ट्राऊट हे कुलीन मासे, बाकीचे सामान्य. बास तिथे नव्हताच, कारण तो मासा इंग्लंडातला नव्हे. ज्याचा ग्रंथात उल्लेख नाही त्याला प्रतिष्ठा कुठून मिळणार?

ती मिळवून देण्याचे काम एका डॉक्टरने केले. जेम्स हेन्शल हा बाल्टिमोरमध्ये जन्मलेला वैद्य. त्याचे 'बुक ऑफ द ब्लॅक बास' १८८१ मध्ये सिनसिनाटीहून प्रसिद्ध झाले. अर्धे पुस्तक प्राणिशास्त्र, अर्धे अवजारांचे आणि तंत्राचे विवरण. परंतु त्याचा खरा प्रकार विचाराल तर ती वकिली आहे. आकाराच्या आणि वजनाच्या मानाने हा मासा पाण्यात पोहणाऱ्या कोणत्याही माशापेक्षा अधिक झुंजार आहे, असा दावा हेन्शलने केला आणि मासेमारीच्या लेखनात तो जवळजवळ सुभाषितासारखा रूढ झाला. झुंजार म्हणजे काय, हे मोजता येत नाही. गळ लागल्यावर स्मॉलमाऊथ पाण्याबाहेर उड्या घेतो, प्रवाहाचा आधार घेऊन खोल जातो. हे प्रत्यक्षच आहे. पण त्या धडपडीला शौर्य म्हणणे हा अलंकार आहे, आणि अलंकाराच्या बळावर एका माशाची जात बदलली. पुढे झेन ग्रे या कादंबरीकाराने त्यात भर घातली. पश्चिमेकडच्या घोडेस्वारांच्या कथांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या लेखकाचा छापून आलेला पहिला लेख १९०२ सालचा, डेलावेअर नदीवरच्या बासच्या मासेमारीविषयीचा आहे.

हेन्शलच्या आधी हातांनी काम करणाऱ्यांनी वाट तयार केलेली होती. केंटकीतल्या पॅरिस गावचा घड्याळजी जॉर्ज स्नायडर याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत असे रीळ घडवले की मूठ एकदा फिरवली की दोराची फिरकी अनेकदा फिरे. पुढे फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी त्यात सफाई आणली. घड्याळातली दातेरी चाके गळाच्या दांडीवर येऊन बसली, ती बाससाठीच. जिवंत छोटा मासा आमिष म्हणून लांब फेकायचा आणि वेगाने दोर गुंडाळायचा, ही त्यामागची गरज. लांबलचक इंग्रजी दांड्यांऐवजी हेन्शलने सुमारे ८ फुटांची हलकी दांडी पुरस्कारली, तीही याच फेकीसाठी.

आता आमिषाकडे वळू. स्मॉलमाऊथचे वास्तव्य थंड, नितळ पाण्यात, खडकाळ तळाशी. त्याचे आवडते खाद्य क्रेफिश, म्हणजे नांग्या असलेला, झिंग्याच्या कुळातला प्राणी. जुने मासेमार तोच गळाला लावत, किंवा दगडांखाली सापडणाऱ्या डॉब्सनफ्लायच्या जाड अळ्या. हे झाले खरे आमिष. दुसरी परंपरा इंग्लंडहून आलेल्या कृत्रिम माशीची : पिसे आणि रेशीम वापरून कीटकाची प्रतिकृती करायची. ती जितकी हुबेहूब, तितकी उत्तम. हे अनुकरणाचे शास्त्र.

अमेरिकी कारागिरांनी तिसरीच वाट धरली. ज्युलियो ब्यूएल याने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे पेटंट घेतले. होडीत जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला आणि माशाने तो धरला, अशी आख्यायिका सांगतात. मिशिगनमधल्या डोवॅजिॲकचा मधमाशीपालक जेम्स हेडन याचीही तसलीच गोष्ट आहे : त्याने कोरलेला लाकडाचा तुकडा तळ्यात भिरकावला आणि बासने त्यावर झडप घातली. त्यातून लाकडी बेडूक झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कारखाना. दोन्ही गोष्टींत शोध हातून निसटलेल्या वस्तूतून लागतो. कारागिराच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीपेक्षा असा अपघात लोकांना नेहमीच अधिक आवडतो; आपल्याकडच्या कवींच्या आख्यायिकाही पाहाव्यात. पण मुद्दा वेगळा आहे. फिरणारा धातूचा चमचा निसर्गातल्या कशासारखाही दिसत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर गुडगुडत जाणारा रंगीत लाकडी ठोकळाही नाही. तरी मासा त्यावर तुटून पडतो.

तो का तुटून पडतो, याची अनेक उत्तरे आहेत; त्यातले एक विणीच्या काळात स्पष्ट दिसते. वसंतात पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की नर वाळू-खडीत घरटे करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करतो. त्या दिवसांत घरट्याजवळ आलेल्या आमिषावर तो हल्ला चढवतो, तो पिलांच्या रक्षणासाठी. अशा नराला वर ओढून काढले की काही मिनिटांत इतर मासे घरटे लुटू लागतात. १९७२ पासून बासच्या मोठ्या स्पर्धांमध्ये मासा जिवंत परत सोडण्याचा आग्रह सुरू झाला. तो स्तुत्यच, परंतु परतलेल्या नराला घरटे रिकामे सापडले तर त्या औदार्याचा उपयोग काय? इथे आमिष भुकेला बोलावत नाही, वात्सल्याला डिवचते. आपल्या 'आमिष' या शब्दात हे मावत नाही.

तंत्राचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या निक क्रीमने मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला आणि अनुकरण परत आले, आता स्पर्शातूनही. पुढे आलेली पोकळ नळीसारखी 'ट्यूब' गिरक्या घेत तळाशी जाते आणि दगडांवरून फरफटवली की क्रेफिशचा भास देते. हिवाळ्यात मात्र शांततेची कला लागते. टेनेसीच्या पूर्व भागात तरंगणीखाली सुमारे १० फुटांवर केसांचे चिमुकले आमिष नुसते लटकते ठेवतात, लाटांनी हलेल तेवढेच. फेकणारा काही करत नाही, हीच त्याची करामत.

ग्रेट लेक्समध्ये १९९० च्या सुमारास राउंड गोबी हा काळ्या समुद्राच्या परिसरातला मासा जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून येऊन पोचला. तो बासची अंडी खातो आणि बास त्याला खातो. त्यामुळे आता तिथली कृत्रिम आमिषे गोबीच्या करड्या-तपकिरी रंगात मिळतात. शत्रूची आणि अन्नाची प्रतिमा एकच झाली आहे.

स्वतः स्मॉलमाऊथही पाहुणा म्हणून पुष्कळ हिंडला. ग्रेट लेक्स, ओहायो आणि मिसिसिपीचे वरचे खोरे हे त्याचे माहेर. बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वे व्हीलिंगपर्यंत पोचल्यावर, १८५४ मध्ये, तिथल्या ओढ्यातले सुमारे ३० मासे भोके पाडलेल्या बादलीत घालून इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून कंबरलँडला नेले गेले आणि कालव्यात सोडले गेले. तिथून त्यांनी पोटोमॅक नदी भरून टाकली. हेन्शलच्या पुस्तकाने दिलेली कीर्ती पुढे त्याला दूरवर घेऊन गेली : पश्चिमेच्या नद्यांत, १९३७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, नंतर जपानमध्ये. जिथे गेला तिथे त्याने स्तुतीतले सगळे गुण सिद्ध केले. चपळ, निर्भय, अधाशी, कोणत्याही परिस्थितीत तग धरणारा. आता तेच शब्द आरोपपत्रात आले आहेत. जपानने २००४ च्या कायद्याखाली त्याला घातक परकीय जीव ठरवले. दक्षिण आफ्रिकेत सीडरबर्ग डोंगरातल्या राँडेगाट नदीच्या एका टप्प्यात २०१२ मध्ये त्याला विष घालून मारले गेले आणि त्यानंतर तिथले छोटे देशी मासे परत आले.

कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणाखाली २०२२ मध्ये त्याची पिले सापडली. धरणामागच्या जलाशयाची पातळी खाली गेली होती, त्यामुळे वरच्या थरातले कोमट पाणी आणि त्यासोबत मासे खाली येऊ लागले होते. खालच्या घळईत हम्पबॅक चब हा कुबड असलेला दुर्मीळ देशी मासा राहतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाच्या खोलातले थंड पाणी, वीजनिर्मितीला वळसा घालून, नदीत सोडण्यात आले. इतके थंड की बासने घरटेच करू नये. चबवर कुणी स्तुतिग्रंथ लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. गळाला लागल्यावर तो फारसा झुंजतही नाही म्हणतात.