फीतसंग्रह, संगणकीय

फीतसंग्रह, संगणकीय : संगणकातील निर्देशिकांच्या (संचिकांच्या गटांच्या) राखीव प्रती ठराविक काळाने काढून दीर्घकालीन जतनासाठी चुंबकीय फितीवर एकीपुढे एक नोंदविण्याची पद्धती. युनिव्हॅक (१९५१) या संगणकात निकेलचा मुलामा दिलेली ब्राँझची फीत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० संगणकालाही चुंबकीय फितींची जोड होती. बेल प्रयोगशाळांच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) ‘टार’ ही आज्ञावली समाविष्ट झाली. जुन्या नोंदी तशाच ठेवून नव्या प्रती फितीच्या शेवटी जोडण्याची सोय तीत आहे. त्यामुळे एकाच संचिकेची निरनिराळ्या काळांतील रूपे फितीवर टिकतात. सर्व प्रती परत काढताना मात्र शेवटचे रूप आधीच्या रूपांची जागा घेते.

फितीवर लेखन क्रमाने होते व नव्या लेखनाचा शेवट हाच फितीचा शेवट ठरतो. म्हणून फीत चुकून आरंभाशी गुंडाळली जाऊन लेखन झाल्यास पुढील शाबूत मजकूरही सामान्यपणे वाचता येत नाही. वर्षानुवर्षांचा संग्रह एका चुकीने गमावतो. २००० मध्ये आलेल्या एलटीओ फितींच्या तिसऱ्या पिढीपासून एकदाच लिहिता येणाऱ्या फिती उपलब्ध झाल्या. त्यांवर शेवटी भर घालता येते. पूर्वीच्या नोंदींवर पुन्हा लिहिता येत नाही.