‘ब्लेड रनर’ : पाठ, प्रवाद व प्रमाण

इतिहासाच्या अभ्यासकास सर्वांत आधीं जी संवय लावून घ्यावी लागते ती ही कीं, एखादें विधान पुढें आलें म्हणजे ‘हें खरें काय?’ असें विचारण्यापूर्वीं ‘हें कोणीं, केव्हां व कशाच्या आधारें सांगितलें?’ असें विचारावें. हा धडा आम्ही कित्येक वर्षें विद्यार्थ्यांस देत आलों आहों. परंतु एकदां तो आम्हांलाच एका विद्यार्थ्याकडून घ्यावा लागला. ती हकीकत सांगितल्यावांचून प्रस्तुत लेखाचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं. वस्तुस्थिति व अनुमान यांतील भेद समजावून देतांना आम्हीं ‘ब्लेड रनर’ या प्रसिद्ध बोलपटाचें उदाहरण घेतलें आणि मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें कीं, या कथेचा नायक डेकार्ड हा स्वतःच कृत्रिम मानव आहे. १९८२ सालच्या प्रेक्षकांनीं त्याचें एकशिंगी घोड्याचें स्वप्न पाहिलें, पण त्यांतली खूण त्यांस उमगली नाहीं. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्यानें नम्रपणें विचारलें, “सर, आपण कोणती प्रत पाहिलीत?” त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. १९८२ सालच्या प्रेक्षकांनीं तें स्वप्न पाहिलेंच नव्हतें, कारण त्या वर्षींच्या प्रतींत तें मुळीं नव्हतेंच. भेद शिकवितां शिकवितां आम्ही अनुमानासच वस्तुस्थिति म्हणून गेलों होतों. त्या दिवसापासून या बोलपटाच्या प्रतींचा आम्हीं जो मागोवा घेतला त्याचें सार येथें देत आहों.

ज्यांनीं हा बोलपट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगतों. फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाच्या १९६८ सालच्या कादंबरीवरून हॅम्प्टन फँचर व डेव्हिड पीपल्स यांनीं पटकथा रचिली आणि रिडली स्कॉट या इंग्रज दिग्दर्शकानें ती पडद्यावर आणली. स्थळ लॉस एंजल्स, काळ २०१९ चा नोव्हेंबर महिना. बोलपट निघाला तेव्हां हा काळ सदतीस वर्षें पुढें होता, आतां तो मागें पडला आहे. पृथ्वीबाहेरच्या वसाहतींत राबविण्यासाठीं एका कंपनीनें हुबेहूब माणसासारखे जीव घडविले आहेत. त्यांस ‘रेप्लिकंट’ म्हणतात. नव्या जातीच्या रेप्लिकंटांचें आयुष्य अवघें चार वर्षांचें. पृथ्वीवर येण्याची त्यांस मनाई. आल्यास ठार मारावयाचें, आणि तें काम करणारे पोलीस ते ‘ब्लेड रनर’. डेकार्डनें ही नोकरी सोडलेली असते. त्यास पुन्हां बोलावून चौघां फरारी रेप्लिकंटांच्या मागें लावितात. माणूस कोण व प्रतिकृति कोण हें ठरविण्यासाठीं प्रश्न विचारून डोळ्याच्या बाहुलीची हालचाल टिपणारें एक यंत्र आहे. कंपनींतील रेचल नांवाची तरुणी स्वतःस माणूस समजते. परंतु तिच्या बालपणच्या आठवणी मालकाच्या नात्यांतील दुसऱ्याच मुलीच्या आहेत, आणि आईबरोबरचें जें छायाचित्र ती पुरावा म्हणून दाखविते त्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. मग प्रश्न असा निघतो कीं, जो दुसऱ्यांचें माणूसपण तपासतो त्याचें स्वतःचें माणूसपण कोणीं तपासलें आहे? रेचल त्यास हेंच विचारते. परंतु त्या वेळीं डेकार्डला झोंप लागलेली असते आणि प्रश्न अनुत्तरित राहतो.

आतां प्रतींचा इतिहास. १९८२ च्या मार्चमध्यें डेन्व्हर व डॅलस या शहरीं निवडक प्रेक्षकांपुढें जी प्रत दाखविली गेली ती लोकांस दुर्बोध व उदास वाटली. तेव्हां निर्मात्यांनीं दोन फेरफार करविले. डेकार्डच्या तोंडीं सबंध कथेभर निवेदन घातलें, आणि अखेरीस डेकार्ड व रेचल डोंगराळ मुलुखांतून सुखानें निघून जातात असा शेवट जोडला. या शेवटासाठीं लागणारीं निसर्गदृश्यें स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ या १९८० सालच्या बोलपटांतील न वापरलेल्या फितींतून घेतलीं. रेचलला चार वर्षांची मर्यादा नाहीं, हेंही या शेवटांतच सांगितलें जातें. या स्वरूपांत २५ जून १९८२ रोजीं बोलपट अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. मूळ कादंबरीचा कर्ता डिक हा त्यापूर्वीं २ मार्च रोजींच निवर्तला होता.

१९९० सालीं लॉस एंजल्समध्यें निवेदनापूर्वींची जुनी कच्ची प्रत अचानक पडद्यावर आली व रसिकांची उत्कंठा वाढली. त्याचा परिणाम म्हणून १९९२ सालीं ‘दिग्दर्शकाची प्रत’ निघाली. तींत निवेदन गाळलें, सुखाचा शेवट गाळला, आणि डेकार्ड पियानोपाशीं बसला असतां अरण्यांतून धांवणारा एक पांढरा एकशिंगी घोडा त्याच्या मनश्चक्षूंपुढें येतो असें दृश्य घातलें. २००७ सालीं स्कॉट यांनीं सर्वस्वीं आपल्या मताप्रमाणें शेवटची प्रत सिद्ध केली. तींत तें स्वप्न अधिक विस्तारानें आहे. तेव्हां मुख्य पाठ चार : कच्ची प्रत, १९८२ ची, १९९२ ची व २००७ ची.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं तडीस गेलें. तेथें निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या ताडून पाहून, सर्वांत समान तें वर व मागाहून शिरलेलें तें तळटीपेंत, अशी व्यवस्था केली आहे. आमच्या या बोलपटासही तीच शिस्त लावली पाहिजे. फरक इतकाच कीं, येथें प्रक्षेप घालणारा कोणी अज्ञात लेखकु नसून, निदान एका बाबतींत, स्वतः कर्ताच आहे.

या स्वप्नाविषयीं एक प्रवाद फार पसरला आहे. तें दृश्य म्हणजे स्कॉट यांच्याच ‘लेजंड’ या १९८५ सालच्या बोलपटांतून उसनें घेतलेला तुकडा होय, असें पुष्कळ जण सांगतात. ‘लेजंड’मध्यें एकशिंगी घोडे आहेत, हें खरें, त्यावरून हें अनुमान सुचणें स्वाभाविक आहे, पण तें चूक आहे. तें चित्रण ‘ब्लेड रनर’साठींच, ‘लेजंड’च्या पूर्वीं झालें होतें व १९८२ च्या प्रतींत वापरलें गेलें नव्हतें. म्हणजे ‘स्वप्न मागाहून सुचलें’ असें म्हणणारे चुकतात, तसेच ‘स्वप्न पहिल्यापासून बोलपटांत होतें’ असें म्हणणारे आम्हीही चुकलों. कल्पना जुनी, प्रकाशन नवें, ही वस्तुस्थिति.

आतां डेकार्ड कृत्रिम आहे या पक्षाचे पुरावे एकेक घेऊं. पहिला व सर्वांत बळकट पुरावा कागदी घोड्याचा. गॅफ नांवाचा पोलीस अधिकारी रिकाम्या वेळीं कागदाच्या लहान आकृति घडीत असतो. शेवटीं डेकार्ड रेचलला घेऊन निघतो तेव्हां त्यास दाराशीं चकाकत्या कागदाचा एकशिंगी घोडा सांपडतो. हा घोडा सर्व पाठांत आहे. स्वप्न मात्र शेवटच्या दोनच पाठांत आहे. ज्या पाठांत स्वप्न आहे तेथें अनुमानाची सांखळी अशी : डेकार्डला घोडा दिसला, गॅफनें घोडाच केला, म्हणून गॅफला डेकार्डचें स्वप्न ठाऊक आहे, म्हणून तें स्वप्न रेचलच्या आठवणींप्रमाणें बाहेरून भरलेलें आहे. पहिले दोन दुवे वस्तुस्थिति, पुढचे दोन अनुमान. गॅफच्या इतर आकृति प्रसंगावर केलेलें मुकें भाष्य असतात. डेकार्ड काम नाकारूं लागतो तेव्हां गॅफ कोंबडी करून ठेवतो. त्या न्यायानें घोडा म्हणजे रेचलसारखा जगांत विरळा व न टिकणारा जीव, असाही अर्थ निघूं शकतो. आणि १९८२ च्या पाठांत तर, स्वप्नच नसल्यामुळें, याहून अधिक कांहीं निघतच नाहीं. तरीही निःपक्षपातानें सांगावयाचें तर, रेचलच्या आठवणी दुसऱ्यांस ठाऊक असल्याचा दाखला त्याच कथेंत असल्यामुळें, नंतरच्या दोन पाठांत हें अनुमान दुबळें राहत नाहीं. तेथें कर्त्याचा हात स्पष्ट दिसतो. पण दिसते ती सूचनाच, सिद्धि नव्हे.

दुसरा पुरावा डोळ्यांतील चकाकीचा. रेप्लिकंटांच्या डोळ्यांत मधून मधून तांबूस चमक दिसते, आणि एका प्रसंगीं रेचलच्या मागें उभ्या असलेल्या डेकार्डच्या डोळ्यांतही ती दिसते. ही चमक छायाचित्रकार जॉर्डन क्रोननवेथ यांनीं कॅमेऱ्यापुढें अर्धपारदर्शक आरसा तिरपा बसवून, भिंगाच्या रोखानें प्रकाश सोडून साधिली होती. अशा प्रकाशाच्या रेषेंत ज्याचे डोळे येतील त्याचे चमकतील. प्रकाशास माणूस व प्रतिकृति हा भेद कळत नाहीं. म्हणून चमक ही वस्तुस्थिति. तिचा अर्थ पाहणाऱ्याचा.

तिसरा पुरावा गणिताचा, आणि याची कथा फारच बोधप्रद आहे. १९८२ च्या पाठांत वरिष्ठ अधिकारी सांगतो कीं, सहा रेप्लिकंट पळाले व त्यांपैकीं एक विजेच्या कुंपणांत जळाला. उरावयास हवे पांच. प्रत्यक्षांत डेकार्डपुढें ठेवले जातात चारच. मग पांचवा कोण? ‘डेकार्डच!’ असें चतुर प्रेक्षकांनीं ठरविलें व त्यावर पुष्कळ इमारत रचिली गेली. वस्तुस्थिति अगदीं साधी होती. मेरी नांवाचें आणखी एक पात्र पटकथेंत होतें. खर्चाच्या अडचणीमुळें तें गाळलें, पण संवादांतील आंकडा तसाच राहिला. २००७ च्या पाठांत जळालेल्यांची संख्या दोन करून ही चूक दुरुस्त केली आहे. लेखनिकाच्या हातून सुटलेल्या एका मात्रेवर तत्त्वज्ञान उभारणाऱ्या टीकाकारांची यावरून आठवण होते.

उरली कर्त्यांची साक्ष. २००० सालीं ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटांत स्कॉट यांनीं डेकार्ड रेप्लिकंट असल्याचें स्पष्ट सांगितलें. उलट डेकार्डची भूमिका करणारे हॅरिसन फोर्ड यांनीं, प्रेक्षकांस आपलेंसें वाटावें असें एक तरी माणूस पडद्यावर हवें, म्हणून डेकार्ड माणूसच असावा, असा आग्रह वर्षानुवर्षें धरला. आणि २०२३ सालच्या एका मुलाखतींत मात्र, तो रेप्लिकंट असल्याचें आपणांस ठाऊकच होतें, असें म्हटलें. एकच साक्षीदार, दोन जबान्या! बखरींपेक्षां समकालीन पत्रांस अधिक मान द्यावा, ही शिस्त राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापून आम्हांस घालून दिली. अठरा किंवा चाळीस वर्षांनंतरची मुलाखत ही, बोलणारा स्वतः कर्ता असला तरी, बखरच होय. तिच्यावरून कर्त्याचें आजचें मत कळतें. त्या दिवशींच्या कृतींत काय उतरलें हें कृतीवरूनच ठरवावें लागतें.

याहून मौजेची गोष्ट पीपल्स यांची. त्यांच्या एका मसुद्यांत शेवटीं डेकार्डचें आत्मचिंतन होतें. मेलेला रॉय आपला भाऊच, आपणही त्याच्यासारखेच कोणा कर्त्याच्या हातचे, अशा भावाचें. पीपल्स यांना त्यांत माणसाच्या नश्वरतेपलीकडे कांहीं सांगावयाचें नव्हतें. परंतु स्कॉट यांनीं तें अक्षरशः घेतलें व त्यांना तीत एक नवीन कल्पना सांपडली. रूपकाची वस्तुस्थिति झाली! ज्या चुकीबद्दल आम्ही प्रेक्षकांस दोष देतों ती, या वृत्तांतावरून पाहतां, दिग्दर्शकाच्या खोलींतच प्रथम घडली, आणि तिच्यांतून बोलपटाचें सर्वांत प्रसिद्ध कोडें जन्मास आलें.

२०१७ सालीं डेनी व्हिलनव्ह यांनीं ‘ब्लेड रनर २०४९’ हा उत्तरभाग काढला. त्यांतही प्रश्न मुद्दाम उघडा ठेविला आहे. डेकार्ड तेथें म्हातारा दिसतो, म्हणून तो माणूस, असा युक्तिवाद कोणी करतात. पण चार वर्षांची मर्यादा रेचलला नव्हती असें १९८२ च्याच पाठांत सांगितलें असतां, वार्धक्य हें माणूसपणाचें प्रमाण कसें व्हावें?

मग आमचें मत काय, असें वाचक विचारतील. १९८२ च्या पाठांत डेकार्ड कृत्रिम असल्याचें प्रमाण नाहीं. १९९२ व २००७ च्या पाठांत तशी बळकट सूचना आहे. आणि पाठाचें नांव न घेतां दिलेलें कोणतेंही उत्तर उत्तर नव्हे. आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं वर्गांत हेंच सांगितलें व आदल्या दिवशींचें विधान मागें घेतलें.

परंतु एवढ्यावर थांबणें म्हणजे पाठचिकित्सा करून महाभारत न वाचण्यासारखें होईल. चारही पाठांत जें समान आहे तें पहावें. रेप्लिकंटास ठार मारण्याला या जगांत ‘वध’ म्हणत नाहींत, ‘निवृत्ति’ म्हणतात. जोरा नांवाची स्त्री कांचांच्या भिंती फोडीत पळत असतां डेकार्ड तिच्या पाठींत गोळ्या घालतो, हें सर्व पाठांत आहे. आणि ज्याचे सोबती त्यानें मारले तो रॉय, स्वतःचें आयुष्य संपत आलें असतां, उंच इमारतीच्या कांठावरून पडणाऱ्या डेकार्डला हात देऊन वर ओढतो, हेंही सर्व पाठांत आहे. यांत अनुमान कोठेंच नाहीं. ‘हीं माणसें नव्हेत’ हें गृहीत धरून एक राज्ययंत्र माणसें मारीत आहे, त्या गृहीतास शब्दाचें पांघरूण घातलें आहे, आणि ज्यास माणूस मानलें नाहीं त्यानेंच माणुसकी दाखविली, एवढी वस्तुस्थिति आमच्या डोळ्यांपुढें उघडी पडली आहे.

डेकार्डच्या जातीचा निकाल लावण्यांत आम्ही चाळीस वर्षें घालविलीं. तो निकाल लागेपर्यंत त्याच्या गोळीनें पडलेल्या स्त्रीकडे पहावयाचें राहूनच गेलें. कोण माणूस व कोण नव्हे हें प्रथम ठरवूं, मग कळवळा करूं, अशी ही रीति. आणि तीच त्या बोलपटांतील पोलिसांची रीति आहे. अनुमान व वस्तुस्थिति यांचा भेद पोथीच्या शुद्धतेसाठीं करावयाचा असतो, हें आम्ही शिकवीत आलों. तो माणसांच्या जिवासाठींही करावा लागतो, हें आम्हांस या बोलपटानें शिकविलें.