राखेचा हिशेब

संध्याकाळी सीवूड्सच्या स्टेशनाबाहेर उभे राहिले की समोरच्या उंच इमारतींत एकेक दिवा उजळताना दिसतो. बटण दाबले की उजेड पडतो. पण चुलीसारखीच विजेचीही राख होते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

माझी दादी चुलीतल्या मूठभर राखेने भांडी घासायची, उरलेली परसातल्या झाडांना घालायची. घरची राख घरातच जिरायची. औष्णिक वीजकेंद्राची राख अशी जिरत नाही. आपल्याकडच्या कोळशात साधारण तीस ते चाळीस टक्के राख असते. तिच्यात आर्सेनिक, शिसे, पारा यांचेही अंश असतात. बरीचशी राख पाण्यात कालवून मोठमोठ्या नळांतून बंधाऱ्यात सोडली जाते. उन्हाळ्यात ती वाळून वाऱ्याबरोबर उडते, पावसाळ्यात बांधावर ताण येतो.

नागपूरजवळचे कोराडी केंद्र १९७४ साली सुरू झाले. पुढे शेजारीच खापरखेडा केंद्र आले. वीज राज्यभर गेली, राख मात्र तिथल्याच गावांजवळ साठत राहिली. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढून विटा, सिमेंट, रस्त्यांचे भराव यांत राख वापरण्याचे बंधन घातले. तरीही ढीग सरले नाहीत. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर सक्तीचा केला आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई ठरवली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये नांदगावच्या गावकऱ्यांची तक्रार ऐकून तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथे गेले आणि राख टाकणे थांबवण्याचे आदेश निघाले. पाचच महिन्यांनी, १६ जुलैला, मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटला. राखेचा चिखल शेतांत शिरला. कागदावरचा नियम बांधापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे त्या दिवशी दिसले.

आपण दूर आहोत असे समजू नये. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. म्हणजे आपल्या दिव्यांतच नव्हे, आपल्या भिंतींतही अशाच एखाद्या केंद्राची राख असू शकते. भिंतीत बसली तर ती उपयोगाची, विहिरीत उतरली तर घातक. फरक राखेत नाही, आपल्या व्यवस्थेत आहे.

मराठीत राख आणि राखण हे शब्द किती जवळ आहेत! ज्यांच्या शिवारात आपली राख पडते, त्यांचे पाणी राखणे हेही विजेच्या बिलातच धरायला हवे.