दरीतले धुके आणि ‘देवाची करणी’

थंडीत दरीमध्ये धुके साचते, माणसे गुदमरून मरतात आणि पहिला आरोपी ठरतो तो निसर्ग. वारा पडला होता, हवामान खराब होते, देवाची मर्जी! हा युक्तिवाद जुना आहे आणि तो कुणाच्या सोयीचा आहे, हे इतिहासात पाहायला मिळते.

डिसेंबर १९३०. बेल्जियममधील म्यूज नदीची दरी. हुई ते लिएज या सुमारे २० किलोमीटरच्या पट्ट्यात कोकच्या भट्ट्या, पोलाद, जस्त, काच आणि गंधकाम्लाचे कारखाने दाटीने उभे होते. हिवाळ्यात थंड, जड हवा उतारावरून खाली येऊन दरीत बसते. तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा राहतो आणि धूर वर जाऊच शकत नाही. १ ते ५ डिसेंबर हेच झाले. ६० हून अधिक माणसे मेली, गुरेही मेली. चौकशीत गंधकाच्या संयुगांकडे बोट दाखवले गेले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कारखान्यांत वेगळे काहीच घडले नव्हते. ते रोजच्यासारखेच चालू होते. म्हणजे विष रोजचेच होते, धुक्याने फक्त ते कोंडून धरले.

या चौकशीतील शास्त्रज्ञ फिर्के यांनी इशारा दिला होता की, असे लंडनमध्ये झाले तर तीन हजारांहून अधिक लोक मरतील. कुणी ऐकले नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या धुरकट धुक्याने किमान चार हजार बळी घेतले.

त्याआधी ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियामध्ये डोनोरा हे गाव गुदमरले. मोनोंगाहेला नदीच्या दरीतले सुमारे १४ हजार वस्तीचे हे कामगारांचे गाव. जस्ताचा कारखाना आणि पोलादाची गिरणी एकाच बलाढ्य पोलाद कंपनीची, आणि गावाची चूल तिच्याच पगारावर पेटणारी. २० माणसे मेली, सुमारे सहा हजार आजारी पडली. माणसे मरत असतानाही जस्ताच्या भट्ट्या ३१ तारखेच्या सकाळपर्यंत चालूच होत्या. कंपनीचे म्हणणे काय? ही देवाची करणी! पण नदीपलीकडच्या वेबस्टरचे शेतकरी याच धुराने पिके आणि बागा जळतात म्हणून कितीतरी वर्षे तक्रारी करत होते. कारण माहीत होते, ते मान्य करायचे नव्हते. १९५१ मध्ये कंपनीने सुमारे २ लाख ३५ हजार डॉलर देऊन खटले मिटवले, जबाबदारी मात्र स्वीकारली नाही.

आपल्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटायला हवा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर नेमका हाच आक्षेप घेतला आहे. गरिबाचे दुःख त्याच्या मागच्या जन्माच्या खात्यावर टाकले की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात. डोनोरातली ‘देवाची करणी’ आणि आपल्याकडचे ‘पूर्वसंचित’ ही एकाच कामाची दोन हत्यारे आहेत. बुद्धाने सांगितले की दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःखही दूर होते. म्हणून कारण लपवणे हा अधम्मच आहे.

आपल्याकडे गटारात उतरलेला सफाई कामगार विषारी वायूने मरतो, तेव्हाही ‘दुर्घटना’ असेच लिहिले जाते. तिथला वायू काही अचानक येत नाही, तो रोजचाच असतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरीही माणसे उतरवली जातात आणि ती कोणत्या जातींची असतात, हे सर्वांना माहीत आहे.

म्हणून हवा कोंडली, वायू साचला, असे कुणी सांगितले की तिथेच थांबू नका. धुराडे कुणाचे होते? परवानगी कुणी दिली? नफा कुणी घेतला? माणसाला आत कुणी उतरवले? या प्रश्नांची उत्तरे नावानिशी मिळेपर्यंत ‘दुर्घटना’ हा शब्द आपण स्वीकारता कामा नये.

जय भीम!