शहाणं मूल

लहान मूल आईशिवाय चार दिवस राहिलं आणि रडलं नाही, की आपण कौतुकानं म्हणतो, 'किती शहाणं आहे हो!' या शहाणपणाचा अर्थ कळायला वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाचा मध्य गाठावा लागला. त्याचीच ही हकीकत.

१९४९ मध्ये लंडनच्या रुग्णालयांतल्या भेटीच्या वेळांची पाहणी झाली. एका रुग्णालयात आजारी मुलाला भेटता येई ते फक्त रविवारी, दुपारी दोन ते चार. दुसरीकडे पहिला महिनाभर भेट नाहीच; संध्याकाळी सात ते आठ या वेळात झोपलेल्या मुलाला नुसतं पाहून परतायचं. यात दुष्टपणा नव्हता. आईवडिलांबरोबर रोगजंतू येतील ही धास्ती होती. शिवाय परिचारिकांचा अनुभव असा, की आई भेटून गेली की मूल आकांत करतं. आलीच नाही, तर दोन-चार दिवसांत शांत होतं. मग भेट हवी कशाला?

घराघरांतही तेव्हा शिस्तीचंच वारं होतं. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी बाळाला घड्याळ बघून दर चार तासांनी पाजायला शिकवलं होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये पुस्तक लिहून पालकांना बजावलं, मुलांना कुरवाळू नका. सकाळी हस्तांदोलन करा, ते पुरे. सधन इंग्रज घरांत मुलं दाईच्या हाती वाढत. पुढे या विषयाचे मोठे अभ्यासक ठरलेले जॉन बोल्बी अशाच घरातले. आई दिवसातून तासभर भेटे. चार वर्षांचे होण्याच्या सुमारास त्यांची लाडकी दाई नोकरी सोडून गेली. ते दुःख त्यांनी आयुष्यभर विसरलं नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रिटनमधली लाखो मुलं बॉम्बच्या भीतीनं शहराबाहेर, परक्या घरांत पाठवली गेली. लंडनमध्ये ॲना फ्रॉइड यांनी चालवलेल्या बालगृहात दिसून आलं, की बॉम्बच्या आवाजापेक्षा आईची ताटातूट मुलांना जास्त जाचते. तिथं बॉयलर सांभाळणं, दुरुस्त्या करणं अशी कामं करणारा एक तरुण होता, जेम्स रॉबर्टसन. मुलांच्या रोजच्या वागण्याच्या नोंदी ठेवायला तो तिथंच शिकला.

१९४८ मध्ये रॉबर्टसन बोल्बींकडे काम करू लागले आणि रुग्णालयांतली मुलं पाहू लागले. त्यांना तीन टप्पे दिसले. आधी आकांत, मग हताशा, शेवटी अलिप्तता. परिचारिका ज्याला 'रुळलं' म्हणत होत्या, ते मूल आशा सोडून बसलेलं होतं! तोंडी सांगून डॉक्टरांना पटेना, तेव्हा त्यांनी एक छोटा कॅमेरा घेतला. चित्रपटासाठी निवडलेली लॉरा अडीच वर्षांचीही नव्हती. साध्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेली. ती फारशी रडत नाही. अश्रू आवरते, मधूनच आईला विचारते. आई भेटायला आली की तोंड फिरवते. घरी निघताना तर आईचा हातही धरत नाही.

नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये डॉक्टरांपुढे हा चित्रपट दाखवला, तेव्हा अनेकजण संतापले. आपल्या व्यवसायाची ही बदनामी आहे, असं त्यांना वाटलं. काहींना मात्र आपल्याच वॉर्डातली गप्प मुलं आठवली. न्यूकॅसलचे डॉक्टर जेम्स स्पेन्स तर १९२०च्या दशकापासून आईला बाळासोबत दाखल करून घेत होते. अखेर १९५९ मध्ये सरकारी समितीनं शिफारस केली, की पालकांना भेटीची मोकळीक द्यावी आणि लहानग्यांजवळ आईला राहू द्यावं. ती सगळीकडे अमलात यायला आणखी बरीच वर्षं गेली.

या संशोधनाचा एक विपर्यासही झाला. आईनं नोकरी करू नये, घरीच बसावं, असा सूर निघाला. १९७२ मध्ये मायकल रटर यांनी जुने पुरावे पुन्हा तपासले आणि दाखवलं, की मूल एकाच व्यक्तीला नव्हे, अनेकांना जीव लावू शकतं. एकत्र कुटुंबात आजीच्या कुशीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आता कुटुंबं लहान झाली. आजी गावी, आईबाबा कामावर. म्हणून दोष कुणाला द्यायचा नाही. पण ओळखीची, रोज भेटणारी माणसं मुलाभोवती टिकतील एवढं पाहायला हवं.

भारतासह पाच देशांतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. कमी वजनाच्या नवजात बाळांना जन्मताच आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण २५ टक्क्यांनी घटलं. बाळाला जपण्यासाठी ज्या आईला काचेबाहेर उभं केलं जाई, तिचा स्पर्श हेच औषध निघालं.

तेव्हा 'अजिबात रडत नाही हो तुमचं बाळ' असं कुणी सांगितलं, तर आनंद जरूर माना. पण संध्याकाळी त्याला घ्यायला जाल, तेव्हा ते तुमच्याकडे धावत येतं का, तेही एकदा पाहा. आल्याबरोबर गळ्यात पडून रडलं, तर रडू द्या. तुम्ही येणार हा भरवसा त्याच्यापाशी अजून आहे.