एथरनेट कुठे अडकले?

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीस आला. पहिली खेप दहा हजार बोर्डांची होती. आठ-दहा दिवसांतच तो बनवणाऱ्या रास्पबेरी पाय फाउंडेशनला सांगावे लागले, की माल हाती पडायला उशीर होईल. चीनमधल्या कारखान्याने नेटवर्क केबलचा जॅक भलताच बसवला होता. दिसायला दोन्ही जॅक सारखेच. पण हवा असलेल्या जॅकच्या पोटात बारीक ट्रान्सफॉर्मर असतात. केबलमधला सिग्नल त्यांच्यातून आत येतो आणि बाहेरच्या तारेचा बोर्डाशी थेट विद्युत संबंध राहत नाही. बसवलेल्या जॅकमध्ये हे ट्रान्सफॉर्मरच नव्हते. साहजिकच ते जॅक काढून योग्य जॅक बसवावे लागले. एकाही ग्राहकाने बोर्डाला केबल लावलेली नसताना नेटवर्कचा पहिला दोष सापडला, हे नशीबच म्हणायचे.

पुढच्या तक्रारींचे मूळ मात्र रचनेतच होते. ३५ डॉलरच्या मॉडेल बी वरची बीसीएम२८३५ ही मुख्य चिप चित्र-ध्वनीच्या कामासाठी घडवलेली. तिच्यात एथरनेटची, म्हणजे केबलने नेटवर्क जोडण्याची, सोयच नव्हती. म्हणून एसएमएससी कंपनीची लॅन९५१२ ही चिप शेजारी बसवली. दोन यूएसबी पोर्ट आणि एथरनेट अशी तिन्ही कामे ती एकटी करी आणि मुख्य चिपशी फक्त एका यूएसबी २.० वाहिनीने जोडलेली असे. २५ डॉलरच्या मॉडेल ए मधून तर ही चिप गाळलीच होती. एथरनेट यूएसबीवरून चालवण्याचा निर्णय काटकसर म्हणून अचूक होता. त्याशिवाय ३५ डॉलरचा आकडा साधला नसता.

त्याची किंमत दुरुस्ती करणाऱ्याने मोजली. बोर्डावर चालणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या लेखी एथरनेट हे पेनड्राइव्हसारखे एक यूएसबी उपकरण ठरले. घरातला जुना मोबाइल चार्जर आणि बारीक केबल लावली, की व्होल्टेज घसरे आणि ही चिप रुसे. मग नेटवर्कबरोबर कीबोर्डही गायब होई. जाणकार आधी हेच विचारत: ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने येणाऱ्या यादीत चिप दिसते का? नसेल, तर मल्टिमीटर घेऊन बोर्डावरच्या टीपी१ आणि टीपी२ या बिंदूंमधले व्होल्टेज मोजायचे. ४.७५ च्या खाली आकडा आला, तर आधी चार्जर बदलायचा. बोर्डाच्या कडेला पाच दिवे होते, पण सुरुवातीच्या बोर्डांवर शेवटच्या दिव्याशेजारी ‘१०एम’ असे चुकून छापले होते. तो लागला, की जोडणी प्रत्यक्षात १०० मेगाबिटची असे. वेग चांगला मिळूनही कपाळाला आठी, असा हा प्रकार.

२०१७ मध्ये रास्पबियन या रास्पबेरीसाठीच्या लिनक्सची ‘स्ट्रेच’ आवृत्ती आली आणि धडधाकट बोर्डांवरचे एथरनेटही ‘हरवले’. लिनक्सचा कर्नल जो इंटरफेस आधी सापडेल त्याला ‘इथ०’, मग ‘इथ१’ अशी नावे देतो. दोन कार्डे असली, की ही नावे अदलाबदल होण्याची भीती असते. म्हणून लिनक्समधल्या सिस्टिमडी या व्यवस्थापक सॉफ्टवेअरने २०१३ मध्ये न बदलणाऱ्या नावांची पद्धत आणली होती. स्ट्रेचमध्ये ती रास्पबेरीवर लागू झाली आणि ‘इथ०’ च्या जागी ‘ईएनएक्स’ ही तीन अक्षरे व पुढे मॅक पत्त्याची (एथरनेटच्या हार्डवेअर क्रमांकाची) बारा अंक-अक्षरे आली. एकूण पंधरा. लिनक्समध्ये इंटरफेसच्या नावाची कमाल मर्यादाही तेवढीच. जुन्या पुस्तकांत आणि स्क्रिप्टांत सगळीकडे ‘इथ०’ लिहिलेले. त्यामुळे केबल ठीक, दिवे ठीक, तरी ‘असे उपकरण नाही’ हेच उत्तर. एकच एथरनेट पोर्ट असलेल्या बोर्डाला या पद्धतीचा फायदा जेमतेमच होता. पुढे ‘इथ०’ हेच मूळ नाव परतले आणि नवी नावे हवी असणाऱ्यांसाठी सेटिंगमध्ये पर्याय उरला.

यूएसबीची गाठ मात्र लगेच सुटली नाही. २०१८ च्या ३बी+ या मॉडेलमध्ये गिगाबिट एथरनेट आले; तेही यूएसबी २.० मधूनच, त्यामुळे वेग साधारण ३०० मेगाबिटवर अडे. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये एथरनेट मुख्य चिपमध्येच आले, तर २०२३ च्या पाय ५ मध्ये ते आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेले. या दोन्हींवर ‘एलएसयूएसबी’ च्या यादीत अंगचे एथरनेट शोधू नका. ते तिथे नसतेच. त्याऐवजी कर्नलची नोंद ‘डीमेसेज’ या आज्ञेने वाचा.